जग्वार ई-टाइप, १/२४: जाडी उतरवत नेण्याचं काम

१/२४ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं प्लॅस्टिकचं मॉडेल बनवताना मापाचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. मॉडेलवर ०.१ मिलिमीटर रंग चढला, म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा थर बसला. एवढा रंग थापलेली गाडी शंभर फुटी रोडवरच्या गॅरेजातून कोणी मुकाट्याने घरी नेणार नाही. किटमधली प्लॅस्टिकची बॉडी एक ते सव्वा मिलिमीटर जाड असते. खऱ्या मापात तो पत्रा पंचवीस-तीस मिलिमीटरचा झाला. तारेच्या चाकाची काडी किटमध्ये अर्धा मिलिमीटर, म्हणजे खऱ्या चाकाला १२ मिलिमीटरच्या सळया. मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं याचं उत्तर बहुतेक वेळा या जाडीत सापडतं. डिटेलिंग म्हटलं की नवीन माणसाला वायरी, पाइप, बिल्ले लावायची घाई होते. माझं मत असं की आधी उतरवायला शिकावं, चढवायचं ते नंतर आणि मोजून.

सांगली-मिरजेत बसून हे काम करणाऱ्यासाठी हा लेख आहे. गाडी मुद्दाम ई-टाइप, जग्वारची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली आहे, कारण तिचं पुढचं जवळपास अर्धं अंग म्हणजे एकच बॉनेट. ते पुढच्या बिजागरीवर उघडतं आणि खाली अख्खं इंजिन दिसतं. म्हणजे लपवायला जागा नाही.

आधी साल ठरवा

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये लोकांसमोर आली. त्या वेळच्या दोन गाड्या मॉडेलवाल्यांच्या खास लाडक्या: ९६०० एचपी नंबरची गनमेटल करडी कूपे (पक्क्या टपाची), आणि ७७ आरडब्ल्यू नंबरची हिरवी रोडस्टर (उघड्या टपाची). ही रोडस्टर टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांनी कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनिव्हाला पोचवली होती. बॉडीचा आकार माल्कम सेयर यांचा. ते विमानाच्या कारखान्यातून आलेले, आणि बॉनेटची वळणं बघताना ते जाणवतं.

साल ठरवायचं कारण हे की गाडी वर्षागणिक बदलत गेली. अगदी पहिल्या गाड्यांना बॉनेटच्या खिट्ट्या बाहेरून होत्या. सुरुवातीला इंजिन ३.८ लिटरचं, १९६४ च्या ऑक्टोबरपासून ४.२ लिटरचं. डॅशबोर्डचा मधला पट्टा आधी अॅल्युमिनियमचा, नंतर काळा. हेडलाइटवरची काचेची झाकणं १९६७ मध्ये गेली. १९६१ च्या नंबर प्लेटखाली ४.२ चं इंजिन घातलेलं मॉडेल कितीही चकाचक असलं, तरी जाणकार माणूस तिथेच थांबतो. म्हणून किटचा डबा उघडायच्या आधी एका ठरावीक गाडीचे पंधरा-वीस फोटो जमवा: समोरून, मागून, बॉनेट उघडं ठेवून, खालून. रिस्टोर केलेल्या गाड्यांचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. फक्त हे बघा की मालकाने हौसेने नंतरचे भाग तर लावलेले नाहीत.

इथे मी १९६२-६३ सालची ३.८ लिटरची कूपे धरतो, रंग कारमेन रेड. पहिलं मॉडेल असेल तर साधाच रंग घ्या. जग्वारचे 'ओपलसंट' रंग म्हणजे मेटॅलिक, आणि १/२४ मध्ये मेटॅलिकचा कण गाडीच्या मानाने चिंचोक्याएवढा दिसू लागतो. ते प्रकरण दुसऱ्या गाडीला.

सामान: निम्मं ऑनलाइन, निम्मं बाजारात

किट ऑनलाइन मागवावं लागेल. १/२४ मध्ये रेवेल कंपनीची ई-टाइप कूपेही येते आणि रोडस्टरही. सोबत पातळ सिमेंट, मास्किंग टेप, चिकट क्रोम फॉइल आणि प्रायमर मागवा. सिमेंट 'एक्स्ट्रा थिन' प्रकारचंच घ्या. ते दोन भागांच्या फटीत स्वतःहून ओढलं जातं आणि मागे थर ठेवत नाही. ट्यूबमधला घट्ट गम या कामाचा नाही.

बाकी सामानासाठी आपल्याकडची दुकानं परदेशी हॉबी शॉपच्या तोंडात मारतील अशी आहेत. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे बारीक कानशी, टोकदार चिमटे, पिन वाइस (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिलचं मूठ-हत्यार) आणि ०.३ मिलिमीटरपासूनची ड्रिल मिळतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इनॅमलची तांब्याची तार नंबरावर मिळते: ३० नंबर म्हणजे ०.३१ मिलिमीटर, ३६ नंबर म्हणजे ०.१९. खऱ्या गाडीतली प्लगची वायर ७ मिलिमीटरची, भागिले २४ म्हणजे ०.२९. ब्रेकचा पाइप पावणेपाच मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलवर ०.२. या दोन तारांत अख्खं इंजिन बे भागतं. हातभर तार मागितली की दुकानदार विचारणारच, "एवढ्याशा तारंत काय भरनार वो, पंखा का?" गाडीची आहे म्हणून सांगा, तार फुकट मिळायची शक्यता वाढते.

मेडिकलमधून इंजेक्शनच्या सुया घ्या. त्यांचा रंगच माप सांगतो: निळी २३ नंबर ०.६ मिलिमीटर, हिरवी २१ नंबर ०.८, गुलाबी १८ नंबर १.२. स्टेनलेसची इतकी पातळ भिंतीची नळी हॉबीवाले दहापट भावाने विकतात. सुई पक्कडीने तोडू नका, नळी चेपते. कटिंग मॅटवर ठेवून कानशीच्या धारेखाली फिरवत खाच पाडा, मग वाकवली की मोडते. आधी टोक घासून बोथट करा.

आणि मिरज. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत सतारीच्या तारा मिळतात. तरफेची, म्हणजे मुख्य तारांखाली झंकारणारी, पोलादी तार साधारण ०.२ मिलिमीटरची, सरळ आणि ताठ. वायपरचे दांडे, एरियल, बॉनेटची टेकण यासाठी यासारखी वस्तू नाही, कारण तांब्याची तार हात लागला की वाकते. पोलादी तार चांगल्या निपरने कापली तर निपरच्या धारेला खाच पडते. त्यासाठी जुनी पक्कड वेगळी ठेवा.

फॅक्टरीचं तेल, साच्याच्या रेघा आणि बॉनेटची कड

सगळे स्प्रू, म्हणजे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. काचेचे भाग आधीच काढून टिश्यूत गुंडाळून डबीत टाका.

भाग स्प्रूवरून हाताने पिळून तोडायचा नाही. निपरने थोडं अंतर ठेवून कापायचा, उरलेला खुंट ब्लेडने, मग ६०० चा वॉटर पेपर. बॉडीवर साच्याची रेघ कुठून गेली आहे ते बोटाने नाही, उजेडाने शोधा: खिडकीसमोर तिरकी धरा, रेघ चमकते. ई-टाइपला ही रेघ बहुधा फेंडरच्या माथ्यावरून जाते, नेमकी जिथे गोलाई सगळ्यात देखणी आहे तिथून. तिथे कठीण ठोकळ्यावर पेपर गुंडाळू नका, गोलाईवर सपाट पट्टा पडतो. पेपर बोटाभोवती किंवा स्पंजावर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि किटच्या सूचनापत्रकात ते कधीच नसतं. बॉनेट उघडं ठेवणार असाल तर त्याची कड दिसणार. चाकांच्या कमानीची कड तर नेहमीच दिसते. खरा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर ०.०४. तेवढं पातळ प्लॅस्टिक टिकणार नाही, आणि करायची गरजही नाही. डोळ्याला फक्त कड दिसते. म्हणून आतल्या बाजूने कडेपासून तीन-चार मिलिमीटर रुंदीचा उतार द्या: गोल कानस किंवा वक्र ब्लेड सरकवत खरवडा, आणि कड ०.३ मिलिमीटरवर आली की थांबा. मधला भाग जाडच राहू द्या, बॉनेटला ताकद तिथूनच मिळते. मधूनमधून बॉडी दिव्यासमोर धरा. प्लॅस्टिकमधून प्रकाश लालसर-पांढरा झिरपू लागला की त्या जागी हात आवरा. चाकांच्या चारही कमानी, बॉनेटचा मागचा काठ, मागच्या दोन एग्झॉस्ट पाइपांची तोंडं, एवढं केलं की डब्यातून काढलेली बॉडी आणि ही बॉडी शेजारी ठेवून बघा. रंगाचा थेंबही न लावता फरक कळतो.

नंतर फटी. बॉनेट आणि त्यामागची बॉडी यांच्यामधली फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर धरली तर मॉडेलवर ०.१७ व्हायला हवी. पण रंग दोन्ही कडांवर चढतो. प्रायमरपासून शेवटपर्यंत ०.०८ मिलिमीटर धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून ०.१६ गेले. म्हणजे रंगाआधी फट ०.३३ हवी. हे मोजायला फीलर गेज नको. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर असतो. बॉनेट बसवून फटीत कागदाच्या तीन पट्ट्या एकत्र सहज सरकल्या की ठीक. एकच सरकत असेल तर रंगानंतर बॉनेट अडकणार आणि उघडताना कडेचा रंग सोलून येणार. बंद दरवाजांच्या रेघा ब्लेडच्या उलट्या टोकाने दोन-तीनदा हलक्या हाताने खोल करा, नाहीतर रंग त्या बुजवून टाकतो. दाब देऊ नका. टोक घसरलं की रेघ थेट दारावर.

रंग: सांगलीची हवा बघून

जून ते सप्टेंबर लॅकरचं स्प्रे काम बाहेर काढू नये. हवेत ओल असताना थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंगावर पांढरट धुकं येतं. कृष्णा पात्राबाहेर असेल त्या आठवड्यात तर विचारच नको. एप्रिल-मेची गोष्ट उलटी: दुपारी चाळीसच्या पुढच्या उन्हात रंगाचा तुषार बॉडीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग हाताला रेगमालासारखा खरखरीत लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ ते अकरा, पंखा बंद, फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवलेली: ही इथली वेळ. पावसाळ्यात इंजिन, इंटिरियर, चाकं करत बसा. ती कामं ब्रशची आणि अॅक्रिलिकची आहेत.

रंग आणायला दोन वाटा. मॉडेलसाठीचा स्प्रे कॅन महाग पडतो, पण प्लॅस्टिकला सोसतो. गाड्यांचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानातून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घेतला तर छटा हवी तशी जुळवून मिळते, पण त्यातला थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला खातो. खाली प्रायमरचा पूर्ण थर हवा आणि पहिले हात अगदी कोरडे, धुरळ्यासारखे. आधी टाकाऊ स्प्रूवर करून बघाच. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरात मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमचं नडतं. गॅरेजवाले मारतात म्हणून आपण मारावा असं नाही. साध्या लॅकरलाही कापडी रुमाल पुरत नाही. सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क घ्या.

बॉडी आणि बॉनेट वेगवेगळ्या बाटल्यांवर डबल टेपने पक्के चिकटवा, बाटलीत थोडी वाळू भरा म्हणजे कलंडत नाही. ई-टाइपच्या इंजिनाभोवतीची चौकोनी नळ्यांची फ्रेम आणि बॉनेटची आतली बाजू बॉडीच्याच रंगाची असते. ती काळी करून ठेवणारे पुष्कळ आहेत. सगळं एकाच दिवशी, एकाच डब्यातून रंगवा, कारण दुसऱ्या दिवशी मिसळलेला लाल जुळेलच असं नाही.

प्रायमरचे दोन पातळ हात. करड्या प्रायमरवर लाल मळकट पडतो, म्हणून वरून पांढरा किंवा गुलाबी द्या. गुलाबी जास्त चांगला, कारण त्यावर लाल कमी थरांत झाकतो, आणि थर कमी म्हणजे जाडी कमी. किटचं प्लॅस्टिकच लाल असेल तर त्यातला रंग वर झिरपू शकतो, तेव्हा आधी चंदेरी रंगाचा एक अडसर थर मारा. प्रायमर वाळल्यावर सगळे खळगे आणि ओरखडे उघडे पडतात. एनसी पुट्टी टूथपिकने फक्त तिथेच भरा, वाळू द्या, १००० च्या पेपरने ओलं घासा, परत प्रायमरचा एक हात.

लाल रंगाचे हात असे: पहिला धुरळा, खालचा गुलाबी दिसत राहिला तरी चालेल. वीस मिनिटांनी दुसरा, त्यानंतर तिसरा मध्यम, शेवटचा ओला. ओला म्हणजे तुषार पडल्या पडल्या एकमेकांत मिसळून चमकावा, पण ओघळायच्या एक पाऊल आधी थांबायचं. कॅन असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून मारा, दाब वाढतो आणि तुषार बारीक होतो. पाणी उकळतं नको, गॅसवर तर मुळीच नाही. एअरब्रश असेल तर ०.३ चं नोझल, १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. स्प्रे गाडीच्या बाहेर सुरू करा, बाहेरच संपवा. ई-टाइपच्या नाकाच्या तोंडात, जिथून हवा आत जाते, तिथे आधी मारून घ्या. शेवटी मारायला गेलात तर आजूबाजूला डबल थर बसतो.

लगेच वर मोठा प्लॅस्टिकचा डबा पालथा घाला, धूळ बसणार नाही. आणि विसरून जा. निदान आठवडाभर. वरून कोरडा लागणारा रंग आत मऊ असतो आणि बोटाचा ठसा त्यावर कायमचा राहतो. वास यायचा थांबला की समजायचं झालं.

साध्या लाल रंगाला क्लिअर लॅकरची गरज नसते, घासूनच चमक काढता येते. एक थर वाचतो हेही आहे. बॉनेटवरचा मधला फुगवटा, लूव्हर (हवा जाण्याच्या खाचा) आणि सगळ्या धारदार कडा यांवर आधी टेपच्या बारीक पट्ट्या लावा, कारण पॉलिश करताना रंग आधी तिथूनच उडतो. २००० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त रंगावरचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसेनासा होईपर्यंत. मग ३०००. मग टेप काढून रबिंग कंपाउंड, जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर, आधी खरखरीत मग बारीक. मिरजेत भोपळ्याची सतार लाखेच्या पॉलिशने चमकवताना कारागिराचा हात बघा: दाब जवळजवळ नाहीच, फेऱ्या मात्र असंख्य. इथेही तेच. दाबलं तर प्लॅस्टिक तापतं आणि रंग ओढला जातो.

इंजिन: इथे भर घाला, पण मोजून

ब्लॉक काळा, ३.८ चं सिलिंडर हेड सोनेरी रंगाचं, त्यावरची दोन्ही कॅम कव्हर पॉलिश केलेल्या अॅल्युमिनियमची. एका बाजूला तीन एसयू कार्ब्युरेटर. कॅम कव्हरवर किटचं क्रोम असेल तर ते काढा. कपड्यांच्या लिक्विड ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की क्रोम उतरतो, हातात मोजे घाला आणि त्यात दुसरं कुठलंही केमिकल टाकू नका. मग काळ्या चकचकीत थरावर पॉलिश अॅल्युमिनियमचा रंग. क्रोम आणि पॉलिश अॅल्युमिनियम यांतला फरक लहान मापात उलट जास्त डोळ्यात भरतो.

प्लगच्या वायरी. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ०.३५ च्या ड्रिलने सात भोकं पाडा: कडेने सहा प्लगच्या, मधे एक कॉइलची. वायर भोकात सुपरग्लूच्या टिंबाने उभी करा, थेंब सुईच्या टोकावर घेऊन. प्लग दोन कॅम कव्हरांच्या मधल्या खोबणीत बसतात, तेव्हा वायरी एकत्र येऊन त्या खोबणीत शिरल्या पाहिजेत. सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम हवा असेल तर १-५-३-६-२-४, आणि जग्वारमध्ये एक नंबरचा सिलिंडर सगळ्यात मागचा, ड्रायव्हरकडचा. कोणी तपासणार नाही हे खरं. पण क्रमाने लावल्या की वायरींना जो नैसर्गिक ताण आणि वळण येतं ते अंदाजाने लावलेल्यांना येत नाही. तारेवर इनॅमल असलं तरी तांबूस दिसते, मॅट काळा ब्रशने फिरवा.

हीटरच्या रबरी नळ्यांना ०.७-०.८ मिलिमीटरची सोल्डर तार घ्या, वाकवाल तशी राहते. रेडिएटरच्या नळीला दीड मिलिमीटरची. जोडाच्या ठिकाणी फॉइलची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी गुंडाळली की क्लॅम्प झाला. कार्ब्युरेटरच्या जोडदांड्याला तरफेची तार. इथे थांबा. खऱ्या गाडीत यापेक्षा तीस गोष्टी जास्त आहेत, पण प्रत्येक जोडलेली वस्तू किंचित जाडच असते, आणि दहा किंचित जाड वस्तू एकत्र आल्या की इंजिन बे जाळीत अडकल्यासारखं दिसतं.

शेवटी काळ्या-तपकिरी रंगाचं खूप पातळ पाणी खोबणींत सोडा आणि वरचं टिपून घ्या. गंज, चिखल, तेलाचे ओघळ नकोत. ई-टाइप आज ज्यांच्याकडे आहेत ते तिला तसं ठेवत नाहीत.

चाकं

खऱ्या चाकाला ७२ काड्या आणि १५ इंची रिम, म्हणजे मॉडेलवर १५.९ मिलिमीटर. क्रोमची चाकं त्या काळी जास्तीचे पैसे देऊन मिळायची, नेहमीची चाकं चंदेरी रंगाची असत. ही माहिती आपल्या फार फायद्याची. किटचं क्रोम काढून बारीक कणांचा चंदेरी मारा, मग काड्यांच्या मधे काळं पातळ पाणी सोडा. चकाकी गेली की काडीची कड दिसेनाशी होते आणि ती निम्म्याने पातळ भासते. मधला दोन कानांचा स्पिनर मात्र क्रोमच ठेवा. इच्छा असेल त्याने ३६ नंबरच्या तारेने चाक नव्याने विणावं. त्यासाठी जिग, म्हणजे काड्या जागेवर धरणारा साचा, लागतो आणि एका चाकात उत्साह संपतो. धातूची कोरलेली तयार चाकं ऑनलाइन मिळतात, पैसे तिथे घाला.

टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते. ४०० च्या पेपरवर टायर फिरवा: रेघ जाते, चमक जाते, आणि चाललेला टायर दिसतो. टायरच्या व्हायनिलमधलं द्रव्य कालांतराने पॉलिस्टायरीनच्या रिमला विरघळवतं, म्हणून रिमच्या काठावर फॉइलची पट्टी किंवा अॅक्रिलिकचा जाड हात द्या. ई-टाइपची चाकं बॉडीच्या आत खोल आणि टायर अरुंद असतात. बघायला चमत्कारिक वाटतं म्हणून वॉशर घालून बाहेर काढू नका, ते तसंच आहे.

आतली बाजू

कूपेत खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच करा. सीटला अर्धमॅट रंग, शिवणीत गडद पाणी. गालिच्यासाठी ओल्या मॅट रंगावर टाल्कम पावडर भुरभुरवा, वाळल्यावर उरलेली झटका. स्टिअरिंगची कड लाकडी: खाली फिकट पिवळसर, वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने तपकिरी. घड्याळांच्या तबकड्यांवर चकचकीत वॉर्निशचा एकेक थेंब, काच झाली.

क्रोम, काचा आणि शेवटची जुळणी

खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या रेघा ब्रशने रंगवू नका. चिकट फॉइल कापून अंदाजे लावा, टूथपिकला कापूस गुंडाळून रेघेच्या दोन्ही कडांत दाबत न्या, मग कोऱ्या ब्लेडने कडेलगत एकाच ओढीत कापा. ब्लेड प्रत्येक खिडकीला नवं. बोथट ब्लेड फॉइल फाडतं आणि माणूस दाब वाढवतो, खाली आठवडाभर पॉलिश केलेला रंग आहे. बंपरचं किटचं क्रोम चांगलं असेल तर राहू द्या, स्प्रूवरून कापलेल्या जागी क्रोमच्या मार्करचा टिपका पुरतो. हा मार्कर बोट लागलं की काळवंडतो, म्हणून सगळ्यात शेवटी.

काचांना सुपरग्लू लावलात तर वाफेने पांढऱ्या होतात. फेविकॉल घ्या, टूथपिकने अगदी पातळ रेघ. वाळला की पारदर्शक होतो आणि बाहेर आलेला ओल्या कापसाने पुसता येतो. हेडलाइटच्या झाकणांखाली बोटाचा ठसा किंवा केस राहिला नाही ना हे लावण्याआधी दिव्याखाली बघा, नंतर मार्ग नाही. पुढच्या काचेला वायपर तीन. किटचे वायपर जाड असतील तर पातीचा भाग तेवढा घासून पातळ करा आणि दांडा तारेचा घाला. वायपर काचेला टेकले पाहिजेत, एक केसभरही वर नको.

लूव्हरच्या खाचांत काळं पाणी, दरवाजाच्या फटीत काळं नको, बॉडीच्या रंगाचीच गडद छटा. नंबर प्लेट साध्या कागदावर छापून मागून घासून पातळ केली तर चिकटवलेली वाटत नाही. एमएच-१० लावायचा मोह होतो, मलाही होतो. पण राज्याच्या दोन अक्षरांची ही पद्धत १९६३ च्या बऱ्याच नंतरची, त्यामुळे ती पाटी रिस्टोर करून आज फिरणाऱ्या गाडीलाच शोभेल. मग टायरही आजचे रेडियल वाटले पाहिजेत.

ठेवायला झाकणाची अॅक्रिलिक पेटी, खिडकीपासून लांब, कारण ऊन लालाला सगळ्यात आधी फिकं करतं. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. पेटीचा तळ प्लॅस्टिकचा असेल तर चारही टायरांखाली फॉइलचा तुकडा ठेवा, नाहीतर वर्षभराने गाडी उचलताना टायर तिथेच चिकटून राहतील.